चिपळूण: छापखाना बाजारातून हलवायचाय. खेर्डी, वालोपे, मार्कंडी की कापसाळ?

ट्रेडलवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचा छापखाना आहे. आजोबांनी सुरू केला, बाबांनी वाढवला, आता मी सांभाळतो. भाड्याचा गाळा, साडेचारशे चौरस फूट, तळमजला. एक मिनी ऑफसेट, एक कटिंग मशीन, दोन संगणक आणि नंबरिंग-परफोरेशनपुरतं (अनुक्रमांक छापणं, फाडायच्या रेषेवर भोकं पाडणं) आजोबांचं ट्रेडल, म्हणजे जुनं छपाई यंत्र. कामं म्हणजे लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, देवस्थानांचे अहवाल, शिवाय लोटे एमआयडीसीतल्या दोन-तीन कारखान्यांची चलनं आणि लेबलं.

२२ जुलै २०२१ ला आमच्या गाळ्यात छताखाली दीड हात जागा उरली होती. पाणी उतरलं तेव्हा आत गुडघाभर चिखल आणि कागदाचा लगदा. रिमं फुगून शटरला अशी भिडली होती की ते वर जाईना, वेल्डर आणून कापावं लागलं. ऑफसेटच्या दुरुस्तीला जेवढे गेले तेवढ्यात एखादी जुनी दुसरी आली असती. ट्रेडल मात्र रॉकेलने धुतलं, तेल पाजलं, आठवड्यात चालू. २००५ च्या पुरातूनही तेच वाचलं होतं.

आता मालकांना इमारत पाडून नवी बांधायची आहे. मार्चअखेर गाळा सोडायचाय. चार जागा बघितल्या.

खेर्डीत मुख्य रस्त्याला गाळा आहे. कराडकडे जाणारी सगळी रहदारी समोरून, एमआयडीसी शेजारी, पण पाणी तिथेही आलं होतं. वालोप्याला स्टेशनजवळ भाडं कमी आहे, पण वाशिष्ठीच्या पलीकडे. मार्कंडीला पहिला मजला मिळतोय, मशीन वर कसं चढवायचं हा प्रश्न. आणि कापसाळला महामार्गापासून थोडं आत, चढावर, सहाशे चौरस फूट, भाडं १२,०००, डिपॉझिट एक लाख. बाबांचं म्हणणं, "तिथे पत्रिका छापायला कोण येणार, वांदर?"

तुम्ही काय कराल?

पागकर

मी जन्मापासून इथेच. एक सांगतो. चिपळुणात जागा बघायची तर दलालाला पाण्याचं विचारू नये. तो म्हणेल "इथे नाय आलं कधी". शेजारच्या घरातल्या म्हातारीला विचारायचं, "आजी, पाणी कितव्या पायरीला आलं होतं?" ती पायरी दाखवते. २००५ ची वेगळी, २०२१ ची वेगळी.

बाहेरगावच्या लोकांना वाटतं नुसत्या पावसाने पूर येतो. इथे तीन गोष्टी एकत्र येतात. वर घाटात कोसळणारा पाऊस, कोयनेची वीज करून कोळकेवाडीकडून वाशिष्ठीत सुटणारं पाणी, आणि खालून दाभोळच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत चढणारी भरती. २०२१ ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे ऐन उधाण. पाण्याला जायला वाटच नव्हती. त्यात शिव नदी गावातून वाहते, ती मागे तुंबते. म्हणून नदीपासून लांब असलेल्या गल्लीतही पाणी मागल्या दाराने येतं.

जागा पक्की करण्याआधी पूररेषेचा नकाशा बघ. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. निळीच्या आत नवीन बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये अटी. या रेषांवरून गावात किती वाद झाले ते तुला ठाऊकच आहे. नंतर गाळ काढला, थोडा फरक पडला म्हणतात. पण मी माझा फ्रिज अजून विटांवर ठेवतो.

माहेरवाशीण

बाजारातला छापखाना म्हणजे आमच्या लग्नाच्या पत्रिका जिथे छापल्या तोच का? दारात पायऱ्या आणि आत शाईचा वास? डोळ्यांत पाणी आलं. हलवू नका हो.

ट्रेडलवाला

ताई, पायऱ्यांवरून बहुधा तोच. डोळ्यांतलं पाणी चालेल, गाळ्यातलं नको. :)

खिळेजुळारी

पोरा, मी रत्नागिरीत चाळीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवले. आता डोळे गेले, बोटं आहेत. तुझ्या ट्रेडलचं वाचून बरं वाटलं. शिशाचे खिळे पुरात बुडाले तरी धुवून, वाळवून, परत केसमध्ये (खणांच्या पेटीत) लावता येतात. तुझ्या त्या संगणकाला हे जमत नाही.

तू जागांची यादी दिलीस, गिऱ्हाइकांची दिली नाहीस. आधी वही काढ. गेल्या तीन महिन्यांत किती कामं झाली, त्यांतली किती माणसं पाय झिजवत दुकानात आली, किती फोनवर झाली, ते मोज. मग कळेल तुला दुकान हवंय की कारखाना. आमच्या वेळी दोन्ही एकच होतं, कारण प्रूफ वाचायला माणसाला यावंच लागे.

कणकवलीकार

तुमका एक सांगतंय. हायवेच्या कडेक दुकान म्हणान कोणी भुलां नको. आमच्या कणकवलीत उड्डाणपूल झालो आणि गाडये वरसून जाऊक लागले. खालचो दुकानदार मान वर करून बघता, गिऱ्हाईक काचेतसून हात दाखयता.

लोटेकर

+१ कणकवलीकार. बहादूरशेख नाक्यावर काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. १६ ऑक्टोबर २०२३ ला बांधकाम चालू असतानाच उड्डाणपुलाचा भाग कोसळला. त्याआधी आणि त्यानंतर कित्येक महिने तिथल्या दुकानांपुढे पत्रे, खड्डे आणि धूळ. महामार्गालगत जागा घेताना आज रस्ता कसा आहे एवढंच बघून चालत नाही. सर्व्हिस रोड कुठून उतरतो, दुभाजक कुठे तुटतो, टेम्पोला वळसा किती, हे गाडी घेऊन स्वतः फिरून बघावं लागतं.

मी लोट्यात एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे (नाव विचारू नका). आम्हाला छापणारा कुठल्या गल्लीत बसतो याच्याशी घेणंदेणं नसतं. लेबल वेळेवर आलं पाहिजे, बॅच नंबर चुकता कामा नये. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये चौपदरीकरणासाठी परशुराम घाट दुपारी १२ ते ५ बंद असायचा, तेव्हा आमच्या लेबलवाल्याने माल सकाळी सातला पोचवायला सुरुवात केली. तो माणूस आजही आमच्याकडे आहे. आमच्यासाठी तुम्ही वालोप्याला असलात तर उत्तम, कारण ते नदीच्या आमच्या बाजूला. पण गावातली गिऱ्हाइकं? २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचा जुना पूल खचला आणि वाहतूक थांबली. आता नवा पूल आहे, तरी पलीकडे जायचं म्हणजे पूल आलाच.

घाटावरची

मी कराडची, पुठ्ठ्याचे खोके बनवते. कुंभार्ली घाट उतरून महिन्यातून दोनदा खेर्डीत माल टाकते.

पहिल्या मजल्याबद्दल बोलते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. मशीनचं वजन तर आहेच, पण लोक कागदाचं वजन विसरतात. २३ × ३६ इंची, ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम) पाचशे कागदांची रीम साडेअठरा किलोच्या आसपास भरते. पन्नास रिमं एका कोपऱ्यात रचली की जवळजवळ टनभर वजन हातभर जागेत. घरासाठी टाकलेला स्लॅब हे सहन करेलच असं नाही. शिवाय कटिंग मशीनचा दणका. खाली दवाखाना होता माझ्या, डॉक्टरीणबाई रोज झाडू घेऊन आमच्या लादीला, म्हणजे त्यांच्या छताला, ठोकायच्या. आणि हमाल! एक जिना म्हणजे दर रिमेमागे जास्तीचे पैसे, कायमचे.

वर जायचंच असेल तर फक्त संगणक, शाई आणि छापून तयार झालेला माल वर. मशीन खालीच.

खेर्डी मला धंद्यासाठी आवडते. ग्रामपंचायत वेगळी, पार्किंगला जागा, टेम्पो दारात लागतो. पण तिथे २०२१ ला काय झालं ते मी बघितलंय. माझ्या गिऱ्हाइकाच्या गोदामात खोक्यांची खीर झाली होती.

ट्रेडलवाला

खिळेजुळारी काका, वही काढली. एप्रिल ते जून, एकूण १४० कामं. दुकानात माणूस आला अशी ३८. बाकी सगळी व्हॉट्सअॅपवर: मजकूर तिथे, प्रूफ तिथे, "ओके" तिथे, पैसे फोनवरून. आलेल्या ३८ मध्ये २२ लग्नपत्रिका. ते लोक मात्र एकटे येत नाहीत. नवरामुलगा, त्याची आई, मावशी आणि एक मामा. दोन-दोन तास अल्बम बघतात, चहा होतो, गणपतीचं चित्र बदलतं, मामाचं नाव विसरलेलं असतं.

मोजण्याआधी मला वाटत होतं निम्मी तरी गिऱ्हाइकं रस्त्यावरून येतात.

खिळेजुळारी

मामाचं नाव शेवटच्या प्रूफला आठवणं ही आमच्या धंद्याची रीतच आहे.

मग बाळा, २२ मावश्यांना कापसाळला चढवू नकोस. आणि ११८ जणांसाठी बाजारातल्या गाळ्यात मशीन बुडवू नकोस. पुढचं तूच जुळव.

पागकर

काका बरोबर बोलले. बाजारात स्टेशनरीच्या दुकानात अर्धं टेबल भाड्याने घे, अल्बम ठेव. मशीन वर कुठेतरी. माझ्या चुलतभावाने घड्याळ दुरुस्तीचं असंच केलंय, गावात नुसती घेण्या-देण्याची खिडकी.

सातबारा

दोन जागा घेणार असशील तर कागदपत्रं दुप्पट, म्हणून लिहितोय.

१) भाडेकरार तोंडी ठेवू नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. लोक ती भाडेकरूवर ढकलतात. "अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही" हे सगळीकडे ऐकू येतं, ते आपल्या राज्यात खरं नाही.

२) खर्च फार नाही. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून मिळवतात. तुझ्या कापसाळच्या आकड्यांवर तीन वर्षांचं बघ: भाडं ४,३२,०००, व्याज ३०,०००, मिळून ४,६२,०००. शुल्क ११५५ रुपये. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, नगरपरिषद हद्दीत १०००. एवढ्यासाठी कोणी रिस्क घेऊ नये. पाच वर्षांपर्यंत करता येतो. मशीन बसवायचं असेल तर पाचच कर, आणि मधल्या काळात मालकाला उठवता येणार नाही अशी मुदत त्यात घाल.

३) गाळा ग्रामपंचायतीत असेल तर नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा) उतारा माग. त्यावर मिळकत निवासी लागली आहे की वाणिज्य ते बघ. सातबारा माग, जमीन बिनशेती आहे का बघ. कोकणात रस्त्याकडेचे कित्येक गाळे शेतजमिनीवर उभे असतात आणि मालक म्हणतो "होऊन जाईल". त्याच्या होऊन जाण्यात तुझं मशीन अडकायला नको. सातबाऱ्यावर सहा-सात नावं असतील तर सगळ्यांची सही किंवा कुलमुखत्यारपत्र. मुंबईचा एक चुलता नेहमी उरतोच.

४) विजेचं बिल बघ. थ्री फेज आहे का, मंजूर भार किती, वर्ग कुठला. घरगुती मीटरवर ऑफसेट चालवलीस तर दंड भाडेकरूच्या माथी येतो.

हिशेबनीस

सातबारा यांनी चांगलं लिहिलंय, एक भर. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदललाय. मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि भाडेकरू नोंदलेला असेल, तर दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने स्वतः भरायचा (रिव्हर्स चार्ज). नेहमीच्या पद्धतीत असशील तर तो वजावटीत परत मिळतो, पण आधी रोख भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या धंद्यांना) जानेवारी २०२५ पासून यातून वगळलंय. आणि दुसरी जागा घेतलीस की जीएसटी नोंदणीत जादा पत्ता म्हणून घाल. हे लोक हमखास विसरतात.

विम्याबद्दल कोणीच बोललं नाही, चिपळूणच्या धाग्यावर! एका जागेवरची विम्याची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल अशा धंद्याला "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची पॉलिसी आहे, १ एप्रिल २०२१ पासून. आगीबरोबर वादळ-पूर त्यातच येतो. पॉलिसी पत्त्यावर असते. माल कापसाळला आणि पॉलिसीवर बाजारपेठ, असं झालं तर दावा अडकला म्हणून समज. कागदाचा साठा कमी दाखवून हप्ता वाचवू नको. १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढे त्याच प्रमाणात भरपाई कापतात.

ट्रेडलवाला

विम्याचा विषय काढलात म्हणून सांगतो. आमची पॉलिसी होती. साठा बाबांनी अंदाजे लिहिला होता, तोही चार वर्षांपूर्वीचा. खरेदीची बिलं त्याच गाळ्यात, त्याच पाण्यात. सर्व्हेअर आला, लगद्याकडे बघून म्हणाला, "यात रिमं किती होती ते कसं मोजू?" मिळाले, पण नुकसानीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच. आता दर महिन्याला साठ्याचे फोटो आणि बिलं मेलवर टाकून ठेवतो.

घाटावरची

हे शेवटचं वाक्य सगळ्यांनी आजच करा.

पागकर

कापसाळला जाऊन आलास का? तेही पावसात जा. उन्हाळ्यात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. चढावर पूर नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. त्याच जुलैमध्ये खेड तालुक्यात पोसऱ्याला दरड घरांवर आली. गाळ्यामागे डोंगर कापला असेल तर कापलेली बाजू उघडी आहे की बांधून घेतलीय ते बघ.

ट्रेडलवाला

काल गेलो होतो. सकाळपासून कोसळत होता, मुद्दाम तोच दिवस धरला. गाळा जांभ्या चिऱ्याचा, वर पत्रा, जोतं तीन फूट. मागे डोंगर आहे, पण वीस-पंचवीस पावलं लांब आणि झाडी राखलेली. उजव्या हाताला पऱ्या (ओढा) आहे. दलालाने सांगितलंच नव्हतं! त्याला विचारलं तर म्हणाला, "ती गटार आहे." गटारीत खेकडे धरायला पोरं बसत नाहीत.

शेजारी एक आजी भेटल्या. पागकरांचा प्रश्न विचारला. म्हणाल्या, "पऱ्या भरतो, पन अंगनात येत नाय. त्या साली रस्त्यावर इलता, पुलाची मोरी गवतान भरलीवती म्हनून." मग मोरी बघितली, आता मोठा पाइप टाकलाय. सातबाऱ्यावर तीन नावं, तिघं भाऊ, तिघंही इथेच. मुंबईचा चुलता नाही, हे विशेष. थ्री फेज आहे, आधी तिथे फर्निचरवाला होता.

एकच मोठी अडचण, ओल. भिंतीला हात लावला तर बोटं ओली झाली. कागदाचं काय होईल?

खिळेजुळारी

कागद लाटा मारेल. ऑफसेटला दोन-दोन कागद ओढले जातील, बहुरंगी कामात रंग जागेवर बसणार नाही. बाजारात तुला हे कमी जाणवत असेल, कारण चहूबाजूंनी भिंतीला भिंत. उघड्यावर पाऊस थेट चिऱ्याला लागतो. पावसाळ्यापूर्वी पावसाच्या बाजूला झडप (भिंतीला आडोसा) बांध, नारळाच्या झापांची असली तरी चालेल. आतून गिलावा करून घे. रिमं भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी फळ्यांवर. लागतील तेवढीच फोड, उरलेली त्याच दिवशी प्लास्टिकमध्ये गुंडाळ. कागदाला वेगळी बंद खोली कर आणि तिथे हवेतली ओल शोषणारं मशीन लाव, मिळतं हल्ली. आम्ही बल्ब लावून ठेवायचो.

लोटेकर

कापसाळहून लोटे म्हणजे सगळं गाव ओलांडून, वर घाट. टेम्पोचं डिझेल धरलंत ना हिशेबात?

ट्रेडलवाला

धरलंय. आठवड्यातून दोन फेऱ्या, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी. वालोप्याने ते वाचलं असतं हे कबूल. पण वालोप्याचा गाळा अडीचशे फूट आहे, त्यात कटिंग मशीन बसलं तर मी बाहेर उभा राहीन.

माहेरवाशीण

आणि बाबा काय म्हणाले?

ट्रेडलवाला

बाबा पंधरा दिवस बोलत नव्हते, म्हणून धागाही थंड पडला होता. आता अपडेट.

कापसाळचा करार झाला, पाच वर्षं, नोंदवून. पहिली तीन वर्षं मालक उठवू शकत नाहीत. गिलावा ते करून देतायत, झडप माझी. बाजारात ओळखीच्या स्टेशनरीवाल्याकडे दहा बाय आठचा कोपरा घेतलाय, त्याचाही करार केला (तो हसला, पण सही केली). तिथे अल्बम, एक टेबल, चार खुर्च्या आणि बाबा. मशीन नाही, साठा नाही, पाणी आलंच तर अल्बम उचलून माळ्यावर. बाबांची एकच अट होती, ट्रेडल बाजारातच राहणार. मी म्हटलं जागा कुठे आहे, तर त्यांनी दोन खुर्च्या कमी केल्या. मावश्यांना आता आळीपाळीने बसावं लागेल.

मशीन दिवाळीनंतर हलवतोय, पाऊस पूर्ण गेल्यावर.

कणकवलीकार

झक्कास. बिलबुक, ५० पानी, डुप्लिकेट, नंबरिंगसकट, शंभर बुका. काय दर पडतलो?

ट्रेडलवाला

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. नंबरिंग बाबा करतील, त्याचा दर तेच सांगतील.